बिननावाचा चहा ओळखायचा कसा?



चहा करायला तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा चुकत नाही. आज बोलायचं आहे ते आठवडी बाजारात पोत्यातून मोजून मिळणाऱ्या सुट्या चहाबद्दल. पुडीवर नाव नाही, तारीख नाही, गाव नाही. विकणारा सांगतो, "आसामचा आहे ताई, एकदम कडक." आपण चिमूटभर तळहातावर घेतो, वास घेतो, मान हलवतो आणि पैसे देतो. घरी आल्यावर दूध, साखर, आलं घालून उकळतो. चहा चहासारखा लागतो. मग पुढच्या वेळी पुन्हा तोच.

एका घरापुरता अर्धा पाव चहा असेल तर फारसं बिघडत नाही. पण दिवाळीच्या तोंडावर कितीतरी गट मिळून किराणा भरतात. साखर, रवा, डाळ, तेल आणि त्याबरोबर चहा. दहा-वीस जणींचे कष्टाचे पैसे एका पोत्यात जातात. साखर डोळ्यांनी दिसते, रवा चाळून बघता येतो, डाळ दाताखाली धरता येते. चहा कशानं बघायचा? काही गट तर सुटा चहा आणून पाव-पाव किलोचे पुडे बांधून विकतात. मग पुड्यावर गटाचं नाव लागतं आणि आत काय आहे याचा जाबही गटालाच द्यावा लागतो. "बायांना चहातलं काय कळतंय," असं म्हणणारे भेटतातच. आपल्याला कळतं. फक्त कळून घ्यायची रीत माहीत असायला हवी, ती आज बघू.

आधी जिभेचा एक स्वभाव ध्यानात घ्या. एकच चहा पुढे ठेवला तर जीभ "बरा आहे" एवढंच सांगते. दोन चहा शेजारी ठेवले की ती लगेच बोलायला लागते. हा जास्त तुरट, तो पाणचट, याचा वास मागे राहतो, त्याचा उडून जातो. म्हणून अनोळखी चहाशेजारी एक ओळखीचा चहा हवाच. शिक्क्याचा, तारखेचा, तुमच्या घरात रोज चालतो तो पुडा घ्या. आजच्या सगळ्या बोलण्यातलं एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे.

चहाचा धंदा करणारेही असंच करतात. कोलकात्यात १८६१ सालापासून चहाचा लिलाव होतो, गुवाहाटीत १९७० सालापासून. तिथं भाव ठरण्याआधी चाखणारी माणसं वाट्यांची लांब रांग मांडून एकेक चहा चाखत जातात. मळ्यात वाकून पानं खुडणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्यांनी खुडलेल्या "दोन पानं आणि एक कळी"ची किंमत शेवटी कुणाच्या तरी जिभेवर ठरते. मग विकत घेणाऱ्या बाईनं आपली जीभ का वापरू नये?

पण थांबा. जिभेच्या आधी डोळ्यांचं काम आहे. वापरलेला चोथा वाळवून, रंग चढवून पुन्हा विकायचा, ही जुनी लबाडी आहे. कधी उडदाची किंवा हरभऱ्याची टरफलं रंगवून मिसळतात. रंग काही दर वेळी जिभेला कळत नाही. म्हणून अनोळखी चहा तोंडात घालण्याआधी तीन गोष्टी करायच्या.

पहिली गोष्ट कागदाची. टीपकागद घ्या, नसेल तर पाणी शोषणारा जाड पांढरा कागद चालेल. त्यावर एका बाजूला ओळखीचा चहा आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी चहा, चिमूट चिमूट पसरा. पाण्याचे शिंतोडे मारून कागद ओला करा. थोडा वेळ जाऊ द्या, मग चहा झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडासमोर धरा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. रंग दिलेला असेल तर काळपट-तपकिरी ठिपके मागे राहतात. खूप बारीक भुकटी असेल तर थोडी झाक दोन्हीकडे येऊ शकते. तिथंच शेजारचा ओळखीचा चहा कामाला येतो.

दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक कुणाच्या ना कुणाच्या घरी सापडतो. तो कागदात गुंडाळून पसरलेल्या चहावरून फिरवा. लोखंडी कीस चिकटून वर आला तर तो चहा बाजूला ठेवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. चमचाभर चहा कोमट पाण्यात भिजवा आणि भिजलेला चोथा बोटांत चोळून बघा. खऱ्या चहाचा दाणा उलगडतो, पानाचा मऊ तुकडा हाताला लागतो. टरफल असेल तर ते चपटं आणि गुळगुळीतच राहतं.

या तिन्हींतून जो चहा पार पडला, तोच चाखायचा. उरलेल्याची चव बघण्याच्या फंदात पडूच नका.

आता थोडं चहाच्या जातीबद्दल. चहाचं झाड एकच. हिरवा चहा, काळा चहा, पत्ती, भुकटी, सगळं त्याच झाडाच्या पानांपासून होतं. (आपल्या परसातला गवती चहा वेगळा. ते सुवासिक गवत आहे, त्याचा या झाडाशी संबंध नाही.) आपण रोज पितो तो दाणेदार चहा यंत्रात होतो. काटेरी रुळांमधून पान चिरडतात, फाडतात आणि त्याचे गोळे वळतात. ही रीत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. त्या दाण्याला बाजारात ममरी म्हणतात. चाळणीतून खाली येतो तो सगळ्यांत बारीक माल म्हणजे डस्ट. डस्ट म्हणजे कारखान्याचा केर नव्हे. ती चहाची एक प्रतच आहे, पटकन रंग सोडते, कडक होते, म्हणून हॉटेलवाल्यांना आवडते. खराखुरा केर वेगळा. त्याच्या खरेदी-विक्रीला परवाना लागतो, आणि त्यासाठी केंद्र सरकारचा १९५९ सालचा स्वतंत्र आदेश आहे. तेव्हा बारीक आहे म्हणून वाईट आणि मोठा दाणा म्हणून चांगला, असं समजू नका. मात्र ममरी आणि डस्ट यांची एकमेकांशी तुलना करू नका. दाण्याशेजारी दाणा आणि भुकटीशेजारी भुकटीच ठेवा.

आता मांडणी. चाखण्यासाठी चहा उकळायचा नाही. उकळला की कडूपणा सगळ्यांतूनच उतरतो आणि फरक झाकला जातो. चहाची तुलना कशी करायची याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचं माप १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं आहे. आपल्या घरच्या भाषेत सांगायचं तर छोट्या कपभर पाण्याला एक सपाट छोटा चमचा. सगळ्या वाट्या सारख्या घ्या, स्टीलच्या नकोत, आतून पांढऱ्या असल्या तर उत्तम. एकाच भांड्यात पाणी खळखळून उकळा आणि एकापाठोपाठ सगळ्या वाट्यांत ओता. झाकण ठेवा. ६ मिनिटांनी त्याच क्रमानं गाळा. पाणीही एकच हवं. बोअरचं पाणी जड असेल तर चहावर तवंग येतो आणि रंग मळकट दिसतो, त्यात चहाचा दोष नसतो. शक्य असेल तर गोडं पाणी वापरा.

वाटीखाली चिठ्ठी ठेवा आणि कुठला चहा कितीचा आहे हे चाखणाऱ्यांना सांगू नका. भाव कळला की जीभ भावासारखं बोलते.

गाळलेला चोथा फेकू नका, बशीत काढा. चांगल्या चहाचा चोथा घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा तांबूस आणि उजळ दिसतो. काळपट, मळकट असेल तर माल हलका किंवा जुना. वाटीतला चहा बघा. तो लालसर, लखलखीत असावा, कडेला सोनेरी रेघ दिसावी. फिकट तपकिरी, गढूळ पाण्यासारखा असेल तर वहीत तसं लिहा.

आता चाखायचं. आपली जुनी माणसं बशीतला चहा फुरफुर आवाज करून पितात आणि आपण हसतो. लिलावातले चाखणारेही अगदी तसाच आवाज करतात. चहाबरोबर हवा आत ओढली गेली की वास घशामागून नाकात चढतो, आणि चवीचं अर्धंअधिक काम नाकच करतं. तेव्हा लाजू नका. चमचाभर कोरा चहा फुर्रकन ओढा, जिभेवर फिरवा आणि थुंकून टाका. दोन चहांच्या मधे साध्या पाण्यानं चूळ भरा. त्या दिवशी त्याआधी पान, तंबाखू, मिश्री, लसूण नको.

प्रत्येक चहाला चार प्रश्न विचारायचे.

पहिला, तुरटपणा कसा आहे? कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते, तसं थोडं व्हायला हवं. ते आवळणं लवकर सुटलं आणि तोंड स्वच्छ वाटलं तर चहा ताजा, जिवंत. बराच वेळ तोंड खरखरीत राहिलं तर चहा जाडाभरडा.

दुसरा, अंग आहे का? म्हणजे तोंडात भरल्यासारखं वाटतं की पाणीच वाटतं? फुळकवणी चहा जिभेला लगेच कळतो.

तिसरा, वास कशाचा? ओल्या पोत्याचा, बुरशीचा, हिंगाचा, रॉकेलचा वास चहा फार लवकर धरतो. किराणा दुकानात तो कशाच्या शेजारी होता हे पुष्कळदा वासावरूनच कळतं. आणि वेलची किंवा व्हॅनिलाचा भपकारा कोरड्या पावडरीला येत असेल तर जास्त सावध व्हा. सुगंध घालणं हा गुन्हा नाही, पण तसं पुड्यावर लिहायला हवं, आणि त्या भपकाऱ्याखाली शिळा माल सहज लपतो.

चौथा, गिळल्यावर मागे काय राहतं? चांगल्या चहाची चव घोट संपल्यावरही क्षणभर रेंगाळते.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या कितीतरी घरांत सगळ्यांचा चहा झाला की त्याच चोथ्यावर पाणी आणि थोडी साखर घालून बाई स्वतःपुरता चहा उकळते. त्या चहाला रंग असतो, थोडा कडवटपणा असतो, पण तुरटपणा आणि वास निघून गेलेला असतो. ही चव आपल्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. नव्या सुट्या चहाच्या पहिल्याच घोटाला तीच पोकळ चव लागली, तर समजा की यात आधी वापरलेला चोथा मिसळला असण्याचा संशय आहे. वर्षानुवर्षं शिळ्या चोथ्यावर भागवलेल्या जिभेची ही परीक्षा वाया घालवू नका. आणि चहा चाखून, निवडून आणलात की निदान पहिल्या पाण्याचा एक कप स्वतःसाठीही गाळा.

आता गाव ओळखायचं. महाराष्ट्रात चहाचे मोठे मळे नाहीत, आपला चहा बाहेरून येतो. आसामचा चांगला चहा गडद लाल, अंगाला भरदार. त्याचा वास ओळखायला एक सोपी खूण आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून आपण लहान मुलांसाठी सत्त्व करतो. त्या भाजलेल्या मोडाचा जो गोडसर खमंग वास येतो, तशा जातीचा वास आसामच्या चहाला असतो. तमिळनाडूच्या निलगिरी डोंगरातला चहा रंगानं उजळ, अंगानं हलका आणि वासानं फुलासारखा. दार्जिलिंगचा तर फिकट सोनेरी, नाजूक, दुधात हरवून जाणारा. भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन त्यालाच मिळालं. बाजारात कुणी दार्जिलिंग म्हणून सुटा चहा दिला आणि तो दुधात गडद, कडक झाला, तर ते नाव खोटं समजायला हरकत नाही.

आसाम की निलगिरी, यासाठी एक गमतीची परीक्षा आहे. गाळलेला कोरा चहा तसाच निवू द्या. आसामचा कडक चहा गार झाला की आतून धुरकट, दुधाळ दिसायला लागतो. चहातलं कॅफिन आणि चहाला लाली देणारी द्रव्यं गार झाल्यावर एकमेकांना धरतात, म्हणून असं होतं. पुन्हा गरम केला की निवळतो. निलगिरीचा चहा बहुधा गार झाल्यावरही निवळ राहतो. जड पाण्याचा तवंग फक्त वर तरंगतो, हा धुरकटपणा सगळ्या वाटीभर असतो. दोन्हींत गल्लत करू नका.

महिनाही विचारात घ्या. आसामात थंडीत तोड बंद असते. मेअखेर ते जूनमधली तोड सगळ्यांत चवदार, पावसाळ्यातली भरपूर पण चवीला पातळ. दिवाळीच्या सुमारास स्वस्तात आलेला आसाम पावसाळी तोडीचा असण्याचा संभव मोठा. दक्षिणेत मात्र वर्षभर तोड चालते.

जिभेची मर्यादाही सांगतो. सुटा चहा बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणचं मिश्रण असतो. मळ्याचं नाव जिभेनं सांगता येणार नाही. पण ताजा की जुना, भरदार की पोकळ, विकणारा सांगतो तसा आहे की नाही, एवढं नक्की सांगता येतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

मागच्या बैठकीत आम्ही बाजारातले तीन सुटे चहा आणि एक ओळखीचा पुडा असे चार मांडले. कोरडा वास घेतला तेव्हा सगळ्याजणी दुसऱ्या पुडीवर भाळल्या. वेलचीचा असा दरवळ की दोघी-तिघींनी तोच घ्यायचा म्हणून हट्ट धरला, आणि तो स्वस्तही होता. कागद धुतला तर त्याच्याच जागी तपकिरी ठिपके. तो चाखलाच नाही. तिसऱ्याचा डाग नव्हता, कीस नव्हता, पण चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. चहा खरा, पण दमट जागेत जुना झालेला. पहिला मात्र ओळखीच्या पुड्याच्या बरोबरीनं उभा राहिला. जीभ आवळली, लगेच सुटली, नाचणीच्या सत्त्वाची आठवण झाली आणि निवल्यावर धुरकटला. विकणाऱ्यानं आसाम म्हटलं होतं, ते पटण्यासारखं होतं. हट्ट धरणाऱ्यांपैकीच एकीनं वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

शेवटी दुधाची परीक्षा करायचीच, कारण आपण दुधाचाच चहा पितो. निवडलेला चहा रोजच्यासारखा करून बघा आणि हिशेब किलोवर न करता कपावर करा. समजा, एक चहा २४० रुपये किलो आहे, पण रंग-चव यायला कपाला ३ ग्रॅम लागतो. दुसरा ३२० रुपये किलो, पण २ ग्रॅममध्ये भागतो. पहिल्याचा कप ७२ पैशांना पडला, दुसऱ्याचा ६४ पैशांना. किलोला ८० रुपये जास्त देऊनही दुसरा स्वस्तच.

गटासाठी पोतं घेणार असाल तर आधी पाव किलो नमुना मागा, पावती घ्या. पोतं आल्यावर वरचा, मधला आणि तळाचा चहा काढून नमुन्याशेजारी ठेवा आणि पुन्हा चाखा. विकणाऱ्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना आहे का बघा, त्याचा नंबर १४ आकडी असतो. तुम्ही स्वतः पुडे बांधून विकणार असाल तर गटाचीही नोंदणी हवी आणि पुड्यावर नाव, वजन, तारीख हवी. चहा घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाला आणि हिंगापासून दूर ठेवा.

आणि कागदावर डाग पडला तर? घरची चाचणी संशय दाखवते, पुरावा होत नाही. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ग्राहकालाही फी भरून माल तपासून घेता येतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं, आणि माल नियमात न बसणारा निघाला तर फी परत मिळते. तपासणीचं नुसतं नाव काढल्यावर विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, तेही बघून ठेवा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरचा दोन चमचे चहा कागदात बांधून आणा. वहीत पाच रकाने आखा: कागदाचा डाग, तुरटपणा, अंग, वास, मागची चव. एकदा सगळ्यांचे चहा शेजारी ठेवून चाखले की दिवाळीच्या खरेदीला कुणाच्या जिभेला पुढे पाठवायचं ते आपोआप ठरेल. काय चाखलंत, काय परत केलंत, ते आम्हाला केंद्रावर येऊन नक्की सांगा. तुमच्याच आवाजात ते सगळ्या गावांना ऐकवू.

नमस्कार.